इम्पालाच्या ३५० इंजिनामागे तीन गिअरचा ऑटोमॅटिक की चारचा? मत हवंय, भांडण चालेल

जिनवाला, धुळे

गाडी घरातलीच. १९६३ ची शेव्हरोले इम्पाला, चार दारांची, उजव्या हाताचं स्टिअरिंग. आजोबांनी मुंबईत स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनच्या विक्रीतून घेतली, तेव्हा तिच्यात २८३ घनइंचांचं व्ही-८ इंजिन आणि मागे दोन गिअरचा पॉवरग्लाइड ऑटोमॅटिक गिअरबॉक्स होता. कापसाचे भाव पडले आणि पेट्रोल परवडेना झालं, तेव्हा वडिलांनी टेम्पो ट्रॅक्सचं डिझेल इंजिन त्याच्याच हाती गिअरबॉक्ससकट बसवून घेतलं. त्या काळात खान्देशात ज्यांच्याकडे अमेरिकन गाडी होती त्यांच्यातल्या बहुतेकांनी हेच केलं, त्यामुळे वडिलांना दोष नाही. मूळ इंजिन आणि पॉवरग्लाइड मात्र भंगारात गेले.

आता शेव्हीचंच ३५०, म्हणजे ५.७ लिटरचं, कार्ब्युरेटरवालं इंजिन आमच्या कापसाच्या जिनच्या शेडमध्ये स्टँडवर उभं आहे. प्रश्न उरला मागच्या बॉक्सचा, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा. बाहेरूनच मागवायचा आहे, तेव्हा एकदाच आणि नीट.

माझं मत सरळ आहे: टर्बो हायड्रामॅटिक ३५०. तीन गिअर, ओव्हरड्राइव्ह (इंजिनाच्या फेऱ्या कमी ठेवणारा हायवेचा गिअर) नाही. सध्या ज्याला विचारावं तो ‘७००आर४ घ्या, चार गिअरचा, ओव्हरड्राइव्हवाला’ म्हणतो. का, तर अमेरिकेतले सगळे तोच घालतात. अरे, पण ते लोक ताशी ११०-१२० नं दिवसभर फ्रीवेवर पळतात. आपण पळणार कुठं? धुळे-जळगाव, धुळे-शिरपूर, वर्षाकाठी एखाद्या वेळी नाशिक. वाटेत कापसाच्या ट्रॉल्या, उलट्या बाजूनं येणारा ट्रॅक्टर आणि मधेच आडवी गाय.

हिशोब बघा. इम्पालाच्या मागच्या ॲक्सलचं गुणोत्तर ३.३६ धरलं आणि २०५/७५ आर १४ चं टायर धरलं, तर ताशी ९० ला टर्बो ३५० च्या थेट तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन मिनिटाला सुमारे २,४०० फेऱ्यांवर चालतं. ३५० साठी ही तर झोपेची चाल झाली. ओव्हरड्राइव्हमध्ये १,७०० होईल. त्या ७०० फेऱ्यांसाठी बॉक्स तीन इंच लांब घ्यायचा, प्रोपेलर शाफ्ट (मागच्या ॲक्सलकडे जाणारा दांडा) कापायचा, क्रॉसमेंबर (बॉक्सला खालून आधार देणारी आडवी पट्टी) मागे सरकवायचा, आणि वर ती ॲक्सिलरेटरशी जोडलेली टीव्ही (थ्रॉटल व्हॉल्व्ह) केबल गळ्यात बांधून घ्यायची?

टर्बो ३५० ची लांबी पॉवरग्लाइडएवढीच. मागचा योकही (शाफ्ट बॉक्सला जुळतो ते तोंड) तोच, २७ दातांचा. म्हणजे मूळ शाफ्ट, मूळ माउंट जवळपास जसेच्या तसे जुळतात. माझं मत बदलायचं असेल तर कारण द्या. ‘सगळे घालतात’ हे कारण नको.

पुण्यात अडकलेला खान्देशी

असहमत, आणि बराच असहमत.

भाऊ, तुम्ही रस्त्याचं जे वर्णन केलं ते जुन्या एन.एच. ६ चं. आता तो एन.एच. ५३ आहे आणि बराचसा चौपदरी झालाय. तिथं ९० नं चालणाऱ्या गाडीला मागून एस.टी.सुद्धा दिवे देते. ताशी १०० धरा. तुमच्याच गणितानं तिसऱ्यात २,७०० फेऱ्या आणि ओव्हरड्राइव्हमध्ये १,९००. तेवढा फरक दोन तासांच्या प्रवासात कानाला आणि पेट्रोलच्या बिलाला कळतो.

पण ओव्हरड्राइव्ह राहू द्या बाजूला. तुम्ही पहिल्या गिअरबद्दल चकार शब्द काढला नाहीत. टर्बो ३५० चा पहिला २.५२. ७००आर४ चा ३.०६. ॲक्सलशी गुणा: तुमचा साडेआठच्या आत, त्याचा सव्वादहाच्या पुढे. एवढी जड गाडी पाच माणसं आणि लग्नाच्या सामानासकट कन्नड घाटात चढावर थांबली आणि पुन्हा उचलायची वेळ आली, की हा फरक पायाला जाणवेल.

आणि तिसरी गोष्ट, जी तुमच्या उन्हाळ्यात सगळ्यात मोठी: लॉक-अप. ७००आर४ च्या टॉर्क कन्व्हर्टरमध्ये (तो इंजिनाची ताकद तेलातून बॉक्सला देतो) क्लच असतो. वेग धरला की तो कन्व्हर्टरला घट्ट पकडतो, घसरण संपते. टर्बो ३५० मध्ये साधारणतः ते नसतं. कन्व्हर्टरमधली घसरण म्हणजे नुसती उष्णता, आणि ती सगळी तेलात जाते. मे महिन्यात भुसावळला पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, तेव्हा तुमचा साधा-सोपा बॉक्स दिवसभर स्वतःचंच तेल तापवत बसणार.

जिनवाला, धुळे

लॉक-अपचा मुद्दा वजनदार आहे, मान्य. पण तो बॉक्सचा कमी आणि कूलरचा जास्त आहे. समोर वेगळा ऑइल कूलर लावला तर टर्बो ३५० ला ९० च्या चालीत काही होत नाही. ३५० इंजिनाला त्या चालीत ताकद लागते ती थोडीशी, तेव्हा कन्व्हर्टर फारसा घसरतच नाही. घसरतो तो घाटात आणि चौकात, आणि तिथं लॉक-अप तसाही सुटलेलाच असतो.

पहिल्या गिअरचं म्हणाल तर याच गाडीत कंपनीनं १.८ च्या आसपासचा पहिला गिअर देऊन पॉवरग्लाइड विकला. त्यावर आजोबा घाट चढले. २.५२ म्हणजे त्या मानानं चैन आहे.

पुण्यात अडकलेला खान्देशी

आजोबा चढले तेव्हा मागे कंटेनर नव्हता.

मिस्तरी, भुसावळ

दोघंही बरोबर बोलताय आणि दोघंही चुकीच्या टोकाकडून सुरुवात करताय.

३.३६ हा आकडा जिनवाले भाऊंनी कुठून आणला? पुस्तकातून. गाडीत ट्रॅक्सचं इंजिन बसवणाऱ्या मिस्तरीनं मागचं क्राउन-पिनियन (ॲक्सलचे गिअर, ज्यांच्यावरून गुणोत्तर ठरतं) तेच ठेवलं असेल याची काय खात्री? त्या काळात डिझेलला खेच मिळावी म्हणून लोक मागचा अख्खा हौसिंग बदलायचे. जीपचा घालायचे, जो मिळेल तो घालायचे. मागे ४.११ निघालं तर? मग ९० ला तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन ३,००० ला टेकतं आणि पुण्याचे दादा जिंकले. ३.०८ निघालं तर २,२०० आणि तुम्ही जिंकलात. अख्खा वाद त्या एका आकड्यावर आहे, आणि तो कुणी मोजलेला नाही.

मोजायला हौसिंग उघडायची गरज नाही. गिअर न्यूट्रलला टाका. मागचं एक चाक जमिनीवरच राहू द्या, पुढच्या चाकांना दगड लावा, मागचं दुसरं चाक जॅकवर उचला. शाफ्टवर खडूची रेघ मारा. उचललेलं चाक बरोबर दोन फेरे फिरवा, शाफ्टचे फेरे मोजा. जो आकडा येईल तेच गुणोत्तर. दोन फेरे का, तर एक चाक अडकलेलं असलं की डिफरन्शियल दुसऱ्या चाकाला दुप्पट फिरवतं.

आता कूलर. कुठलाही बॉक्स घ्या, मी रेडिएटरच्या टाकीतल्या कूलरच्या भरवशावर सोडणार नाही. ऑटोमॅटिकचं तेल ८०-९५ अंशांत असलं की सुखी. १२० च्या वर गेलं की ते जळायला लागतं, रबराच्या सील कडक होतात, क्लचप्लेटी काळ्या पडतात, आणि तेलाला एक करपट वास येतो तो एकदा नाकात बसला की विसरत नाही. रेडिएटरमधलं पाणीच मे महिन्यात ९५-१०० वर असेल, तर ते तेलाला थंड काय करणार? बाहेरचा कूलर, रेडिएटरच्या पुढे, पंखा असलेला. आणि तेलाच्या तापमानाचा काटा डॅशबोर्डवर हवाच. गाडी जुनी दिसायची असेल तर ग्लोव्हबॉक्समध्ये लपवा, पण लावा.

बाकी कुठला बॉक्स, ते नंतर बोलू.

अहिराणी मानूस, अमळनेर

कसाले इतला उपद्याप रे भो? डिझेल चालस ना बरं? मंग चालू दे. गाडीना पायी बठ्ठं घर इकशी का?

जिनवाला, धुळे

भो, डिझेल चालस, पन बठनारा बी हालस.

स्कॉर्पिओवाला, जळगाव

एवढं सगळं अमेरिकेहून आणण्यापेक्षा इथलाच बॉक्स का नाही? नव्या थारमध्ये सहा गिअरचा आयसिनचा टॉर्क कन्व्हर्टर ऑटोमॅटिक आहे. स्कॉर्पिओच्या ऑटोमॅटिकमध्येही सहा गिअर आहेत. सुटे भाग जळगावात मिळतील, मिस्तरी मिळेल, वॉरंटीचे जाणते मिळतील. तुमचं ३५० विका, महिंद्राचं एमहॉक डिझेल इंजिन बॉक्ससकट घाला. ताकद भरपूर, डिझेलचा खर्च कमी, आणि रस्त्यावर बंद पडली तर मुक्ताईनगरलासुद्धा कुणीतरी उघडून बघेल.

जिनवाला, धुळे

वडिलांनी केलं तेच पुन्हा करू, फक्त महाग करून?

मिस्तरी, भुसावळ

कल्पना वाईट नाही, पण दिसते तितकी सोपीही नाही. हे नवे बॉक्स एकटे चालत नाहीत. गिअर कधी बदलायचा ते इंजिनाचा कॉम्प्युटर आणि बॉक्सचा कॉम्प्युटर आपसात बोलून ठरवतात, आणि त्या बोलण्यात एबीएसचे सेन्सर, ब्रेकचा स्विच, वेगाचे आकडे असं सगळं येतं. एक वायर कमी पडली की बॉक्स एकाच गिअरला अडकून बसतो. म्हणजे इंजिन, बॉक्स, वायरिंग, दोन्ही कॉम्प्युटर, चावीचा इमोबिलायझर, सगळं एकाच गाडीचं उचलून आणावं लागतं. आणायला हरकत नाही. पण मग ती १९६३ च्या पत्र्यातली थार झाली.

लॅपटॉपवाला, नाशिक

सगळे अजून केबलच्या युगात आहात म्हणून मुद्दाम लिहितो. ४एल६०ई घ्या. तो म्हणजे ७००आर४ चाच विजेवर चालणारा भाऊ, १९९३ पासून आला. गिअर तेच, ३.०६ पासून ०.७० पर्यंत, लॉक-अप तोच. फक्त टीव्ही केबल नाही. थ्रॉटलला एक सेन्सर, स्वतंत्र कंट्रोलर, आणि लॅपटॉप लावून कुठल्या वेगाला कुठला गिअर ते तुम्ही ठरवा. घाटासाठी वेगळा नकाशा, हायवेसाठी वेगळा.

ज्या टीव्ही केबलला जिनवाले घाबरतात, ती भीती खरी आहे. ७००आर४ मध्ये ती केबल नुसती किक-डाउनची (ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की खालचा गिअर घालणारी) नाही. ॲक्सिलरेटर किती दाबला ते बॉक्सला त्या केबलनंच कळतं आणि त्यावर आतला तेलाचा दाब ठरतो. केबल सैल राहिली की दाब कमी, दाब कमी की तिसऱ्या-चौथ्याचा क्लच घसरतो आणि जळतो. गाडी चालवणाऱ्याला काही कळत नाही. उलट गिअर मऊ पडतात म्हणून तो खूश असतो.

मिस्तरी, भुसावळ

तुमचं टीव्ही केबलबद्दलचं अक्षर न अक्षर खरं आहे. पण कंट्रोलर बिघडला तर धुळ्यात काय करायचं ते सांगा. केबल तुटली तर मी सायकलच्या दुकानातून वायर आणून गाडी घरापर्यंत पोचवीन. कंट्रोलर जळला तर मी फक्त चहा पाजू शकतो.

लॅपटॉपवाला, नाशिक

तुमच्या मोबाइलमध्ये, एस.टी.मध्ये, बोअरच्या पंपाच्या स्टार्टरमध्ये इलेक्ट्रॉनिक्स आहे आणि ते ४५ अंशांत चालतं. दुसरा कंट्रोलर आणून डिकीत ठेवा, विषय संपला. आणि सायकलची वायर टीव्ही केबल म्हणून लावलीत तर बॉक्स घरापर्यंत जाईल, पण दुसऱ्या दिवशी बाहेर निघणार नाही, हे तुम्हीच वर मान्य केलंत.

मिस्तरी, भुसावळ

हे मात्र घेतलं. टीव्ही केबलला जुगाड नको. टर्बो ३५० च्या किक-डाउन केबलला चालतो, कारण ती चुकली तर फक्त किक-डाउन जातो, बॉक्स नाही.

वकीलसाहेब, धुळे

तांत्रिक वादात पडत नाही, पण कागद कुणी बघितलेत का?

आर.सी. वर आज इंधन डिझेल असेल आणि ट्रॅक्सचा इंजिन नंबर असेल, तोही वडिलांनी त्या वेळी नोंदवला असेल तरच. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार मूळ नोंदीपेक्षा वेगळा बदल मनाला येईल तसा करता येत नाही, इंजिन बदलायला आर.टी.ओ. ची परवानगी लागते. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही केरळच्या एका प्रकरणात हेच ठणकावलं. अपघात झाला आणि विम्याच्या सर्वेअरनं बॉनेट उघडलं, तर गिअर किती होते हे कुणी विचारणार नाही. इंजिन नंबर विचारतील.

दुसरी गोष्ट, तुम्हाला गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवायची इच्छा आहे का? २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांपेक्षा जुनी गाडी ‘व्हीए’ मालिकेचा नंबर घेऊन नोंदवता येते, फी २०,००० रुपये, नोंदणी दहा वर्षांची. पण अट अशी की गाडी मूळ रूपात असावी, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल नसावा. ३५० हे त्या गाडीचं इंजिन नाही. ते १९६७ मध्ये आलं, तुमची गाडी त्याआधीची. शिवाय व्हिंटेज नोंदीची गाडी रोजच्या वापराला चालत नाही. रॅली, प्रदर्शन, देखभाल एवढ्यापुरतीच.

तेव्हा आधी ठरवा: गाडी दाखवायची आहे की चालवायची?

पॉवरग्लाइडचा भक्त, चोपडा

वकीलसाहेबांनी माझ्या मनातलं बोललं. २८३ शोधा, ॲल्युमिनिअमचा पॉवरग्लाइड शोधा, आणि १९६३ ला कारखान्यातून निघाली तशी गाडी करा. बाकी सगळं म्हणजे पैठणीला जीन्सचं ठिगळ.

जिनवाला, धुळे

वकीलसाहेब, मनापासून धन्यवाद. आर.टी.ओ. चं काम आधी, बॉक्सची ऑर्डर नंतर, हे आता पक्कं. व्हिंटेजचा नंबर मला नकोय. मला आईला घेऊन मुडावदला जायचंय, रॅलीला नाही.

चोपड्याचे भाऊ, २८३ आणि ३५० एकाच स्मॉल-ब्लॉक घराण्यातली. बेल हाउसिंगचे, म्हणजे बॉक्स इंजिनाला जोडणारे, बोल्टसुद्धा तेच. म्हणजे उद्या कुणाला २८३ मिळालं तर टर्बो ३५० त्याच्यामागेही बसेल, आणि पॉवरग्लाइड मिळाला तर तो माझ्या ३५० मागेही बसेल. मी जे करतोय ते उद्याच्या माणसाला उलटवता येईल. पत्रा कापणार नाही, चासी कापणार नाही. हा माझ्यासाठी सगळ्यात मोठा नियम आहे आणि ७००आर४ ला नकार द्यायचं खरं कारणही तेच. या गाडीची चासी एक्स आकाराची आहे, बाजूला पट्ट्या नाहीत, सगळी ताकद मधल्या अरुंद नळीत. तिथं क्रॉसमेंबर मागे सरकवायला मी कटर लावणार नाही.

पुण्यात अडकलेला खान्देशी

हे कारण पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलं असतंत तर मी एवढं टायपिंग केलं नसतं. चासी न कापणं हे पटतं. पण मग तुम्ही २००-४आर चा विचार का केला नाही? जीएमचाच (शेव्हरोलेच्या जनरल मोटर्सचा), चार गिअर, ओव्हरड्राइव्ह ०.६७, लॉक-अप आहे, पहिला गिअर २.७४. आणि एकूण लांबी जवळपास टर्बो ३५० एवढीच. शाफ्ट कापायचा नाही. योकही तोच २७ दातांचा.

मिस्तरी, भुसावळ

लांबी तीच, पण माउंट तिथं नाही. २००-४आर चा माउंट पार मागे, शेपटाकडे आहे. बॉक्सच्या पुढच्या तोंडापासून साधारण २७ इंचांवर. टर्बो ३५० चा २० इंचांच्या थोडा पुढे. म्हणजे शाफ्ट वाचला पण क्रॉसमेंबर सहा-सात इंच मागे. एक्स चासीत ते कसं करायचं ते मला दाखवा. शिवाय टीव्ही केबल यालाही आहेच. ज्या भुताला घाबरून जिनवाले पळाले ते इथंही दारात उभं.

पुण्यात अडकलेला खान्देशी

बोल्टनं बसणारा ब्रॅकेट बनवता येतो. जुन्याच भोकांवर खाली एक पट्टी टाकून. कापाकापी नाही. टीव्ही केबल कार्ब्युरेटरच्या लिव्हरशी योग्य भूमितीत बसवायचे तयार ब्रॅकेट मिळतात. एकदा प्रेशर गेज लावून सेट केली की वर्षानुवर्षं हात लावायची गरज नाही. ‘केबल वाईट’ म्हणणं म्हणजे ‘मोजायला कंटाळा’ म्हणणं आहे, माफ करा.

मिस्तरी, भुसावळ

ब्रॅकेट जमेल. मोजायला मला कंटाळा नाही. पण मी कायम तिथं नसणार. माझ्यानंतर कार्ब्युरेटर साफ करायला जो येईल तो केबल काढेल आणि अंदाजानं लावेल. बॉक्स आज कोण बसवतो याला माझ्या लेखी फार किंमत नाही. पाच वर्षांनी कार्ब्युरेटरला कोण हात लावतो, त्याला आहे. आणि आताच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर जुन्या कार्ब्युरेटरला हात सारखाच लावावा लागतो.

म्हणून माझं मत: टर्बो ३५०. त्याच्यातही एक दुखणं आहे, ते सांगतो म्हणजे एकतर्फी वाटायला नको. त्याच्या मागच्या उजव्या बाजूला व्हॅक्यूम मॉड्युलेटर (इंजिनाच्या व्हॅक्यूमवरून भार ओळखणारा डबा) असतो, आतमध्ये रबराचा पडदा. तो फाटला की इंजिन व्हॅक्यूमच्या नळीतून बॉक्सचं तेल ओढून जाळायला लागतं. सायलेन्सरमधून पांढरा धूर, आणि प्रत्येक जण म्हणतो इंजिनाच्या रिंगा गेल्या. बॉक्सचं तेल कमी होतंय हे कुणी बघत नाही. नळी ओढून पाहायची, आत लाल तेल ओलं लागलं की मॉड्युलेटर बदलायचा. पाना फिरवायचं काम आहे, बॉक्स उतरवावा लागत नाही. बॉक्सबरोबरच एक जास्तीचा मागवून ठेवा.

लॅपटॉपवाला, नाशिक

म्हणजे केबल नको कारण पुढचा मिस्तरी चुकेल, कंट्रोलर नको कारण पुढचा मिस्तरी घाबरेल. पुढच्या मिस्तरीवर एवढा अविश्वास असेल तर त्याला शिकवा की. खान्देशात चारचाकी ऑटोमॅटिक आज प्रत्येक गल्लीत आहे. पाच वर्षांनी लॅपटॉप न वापरणारा मिस्तरी सापडणार नाही, व्हॅक्यूम मॉड्युलेटर ओळखणारा सापडणार नाही.

मिस्तरी, भुसावळ

याला उत्तर नाही माझ्याकडे. पोरगा लॅपटॉपच घेऊन बसतो.

जिनवाला, धुळे

मोजलं.

काल संध्याकाळी जिनमध्ये दोघांना घेऊन मिस्तरींच्या पद्धतीनं खडू लावला. चाकाचे दोन फेरे, शाफ्टचे तीन पूर्ण आणि वर एक तिसरा हिस्सा, किंचित जास्त. दुसऱ्या बाजूचं चाक उचलून पुन्हा केलं, तेच आलं. म्हणजे ३.३६. वडिलांच्या मिस्तरीनं मागे हात लावलेला नाही.

तेव्हा टर्बो ३५०. पुढे पंख्याचा कूलर, तेलाचा काटा, एक जास्तीचा मॉड्युलेटर. पुण्याच्या दादांचं २००-४आर मला शेवटपर्यंत खुणावत होतं हे कबूल. पण ताशी १०० नं जायचं माझ्याकडे कारण नाही आणि आईला तर ७० च्या वर आवडतच नाही.

एक अडचण उरली. जुना कन्व्हर्टर, फ्लेक्सप्लेट (इंजिन आणि कन्व्हर्टर जोडणारी दातांची चकती) काहीच हाताशी नाही. काय काय मागवायचं?

मिस्तरी, भुसावळ

आधी तुमच्या ३५० चा मागचा क्रँक सील बघा. १९८६ पूर्वीच्या इंजिनाला दोन तुकड्यांचा सील, नंतरच्याला एक तुकड्याचा. दोघांची फ्लेक्सप्लेट वेगळी, बॅलन्सही वेगळा. चुकीची लावली तर इंजिन थरथरेल आणि तुम्ही बॉक्सला शिव्या द्याल. मग दात: १५३ ची लहान प्लेट, १६८ ची मोठी. स्टार्टर त्याप्रमाणे. कन्व्हर्टर बसवताना तो पंपात पूर्ण आत गेलाय याची खात्री करूनच बॉक्स इंजिनाला जोडा. बोल्ट आवळून बॉक्स ओढायचा नाही, हातानं टेकला पाहिजे. आवळून ओढलात तर पंप तिथंच फुटतो, नवा बॉक्स पहिल्याच दिवशी भंगार.

पुण्यात अडकलेला खान्देशी

आणि गिअरची दांडी? जीएमच्या या सगळ्या ऑटोमॅटिकचा गिअर बदलायचा शाफ्ट डाव्या बाजूला निघतो, कारण त्यांचं स्टिअरिंग डावीकडे. तुमचा कॉलम उजवीकडे. पॉवरग्लाइडच्या वेळी खालून आडवा दांडा असणार, डावीकडून उजवीकडे आणणारा. तो ट्रॅक्सचा गिअरबॉक्स बसवताना काढला असेल. तो कुठंय?

जिनवाला, धुळे

गोदामात सरकीच्या पोत्यांमागे दोन लोखंडी दांडे आणि एक वाकडा ब्रॅकेट आहे. आम्ही इतकी वर्षं त्याला ताडपत्री बांधतो. फोटो टाकतो, तोच आहे का सांगा.

मिस्तरी, भुसावळ

फोटो नको. टोकाला पितळी बुश आहे का बघा, आणि ताडपत्री सोडा आधी.